वाऱ्याचं भूत आणि दाण्याची सालं

डब्लिनच्या विमानतळावर दुबईचं विमान उतरून सव्वा तास झाला होता. सगळी माणसं बाहेर आली, शेवटचा एक पेंगुळलेला गडी ट्रॉली ढकलत गेला, आणि माझ्या आईचा पत्ता नाही. मी दारासमोर येरझाऱ्या घालून दमले. शेवटी दार उघडलं आणि कस्टमचा एक उंचापुरा माणूस आईला घेऊन बाहेर आला. आईचं तोंड रागानं लाल झालेलं. तो मात्र अगदी अदबीनं म्हणाला, "तुम्ही यांची मुलगी का? यांच्या बॅगेत सूप आहे असं या म्हणतायत. आम्ही सगळी बॅग उपसली, पण सूप काही सापडत नाही."

मी तिथंच फिदीफिदी हसायला लागले. त्यानं आईला मशीनवर दिसणारी ती अर्धगोल वस्तू दाखवून हे काय म्हणून विचारलं होतं. आईनं खरं ते सांगितलं होतं, सूप. कसलं सूप, त्यानं विचारलं. आईला वाटलं याला ऐकू कमी येतंय, म्हणून ती मोठ्यानं "सूप, सूप" म्हणत दोन्ही हातांनी पाखडून दाखवायला लागली, आणि त्याला वाटलं बाई सांडलं म्हणतायत. दोन पातळांत गुंडाळलेलं बांबूचं सूप मी त्याला काढून दाखवलं, यात आम्ही भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं उडवतो म्हणून सांगितलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं, वास घेतला, आणि "ग्रँड" म्हणून परत दिलं.

"त्या मेल्याला सांग, सुपाचा वास घ्यायचा नसतो," आई म्हणाली. "आणि तू दात काय काढतीस? इंग्रजीत चिठ्ठी लिहून दे म्हनलं हुतं का न्हाई?"

आता या बाईनं साता समुद्रापलीकडं सूप का आणावं? तर चूक माझीच. मागं एकदा फोनवर मी बोलून गेले होते की इथं मी सोललेलेच दाणे विकत आणते. आईनं सांगलीत तीस वर्षं शेंगदाण्याची चटणी करून विकली. घरच्या उखळात, घरच्या हातानं. तिच्यापुढं सोललेल्या दाण्यांचं नाव काढणं म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखं. "सोललेलं? म्हंजे चव कुनी खाल्ली?" एवढंच ती म्हणाली होती, आणि मी विसरूनही गेले होते. ती विसरली नव्हती.

तीन महिन्यांसाठी आली होती ती. आणि मी तिला हे सांगितलं नव्हतं की तीन आठवड्यांनी माझीच इथली चटणी वाटली जाण्याची शक्यता आहे.

मी कार्टून काढते. म्हणजे कार्टूनमधली माणसं, प्राणी मी काढत नाही. ते काढणारे वेगळे आणि त्यांचा रुबाबही वेगळा. मी काढते धूर, धूळ, फेस, ठिणग्या, लाटा, ज्यांना आमच्यात इफेक्ट म्हणतात. पात्र पाण्यात उडी मारतं ते दुसरा काढतो, मग उडालेलं पाणी माझ्याकडं येतं. पुण्यात बारा वर्षं हेच केलं, मग इथल्या एका छोट्या स्टुडिओनं बोलावलं आणि मी विमानतळाजवळच्या सँट्रीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन राहायला लागले. एकटी. लग्नाचा विषय आई दर रविवारी फोनवर काढायची आणि मी दर रविवारी नेटवर्क गेल्याचं सांगायची.

तेव्हा आमच्याकडं मुलांच्या मालिकेचं काम चाललं होतं. त्या दुनियेत माती, पाणी, आग आणि वारा अशा चार शक्ती, आणि प्रत्येक शक्तीचं एक स्पिरिट, म्हणजे त्या शक्तीत राहणारा जीव. मातीचा एक बैल होता, पाठीवर शेवाळ उगवलेला. पाण्याचं एक पाणमांजर, सात शेपट्यांचं. आगीची एक इवलीशी चिमणी, निखाऱ्यात घरटं करणारी. हे तिन्ही इतके देखणे उतरले होते की स्टुडिओतली मंडळी मधल्या सुट्टीतही ते लावून बघायची. राहिला वारा. गोष्टीतली मुलगी कड्यावर उभी असते, वारा पहिल्यांदा तिच्यापुढं प्रकट होतो, तिला उचलतो, खाली ठेवतो आणि निघून जातो. चाळीस सेकंदांचा तुकडा. आणि वारा म्हणजे पात्र की इफेक्ट, यावर दोन दिवस वाद होऊन तो अखेर माझ्या गळ्यात पडला.

दिग्दर्शक वॉटरफोर्डचा. इथं कुणाही पुरुषाबद्दल बोलायचं झालं की 'युअर मॅन' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं 'आपलं ते हे'. मीही त्याला इथं युअर मॅनच म्हणते, नाव कशाला घ्या. तर युअर मॅननं माझा पहिला वारा बघितला. पांढऱ्या रेषांचा कोल्ह्यासारखा प्राणी, अंगावरून फिती लहरतायत. तो म्हणाला, "हा कुणाचा तरी स्कार्फ उडालाय." मी गपगुमान दुसरा काढला, पंधरा दिवस खपून. तो म्हणाला, "आता दोन स्कार्फ उडालेत."

आमची सुपरवायझर एनिस गावची, साठीला टेकलेली, मायाळू बाई. ती माझं काम बघून नेहमी "ग्रँड" म्हणायची. ग्रँड म्हणजे इथं 'बरंय, चालेल' एवढंच, हे कळायला मला दोन महिने लागले. तोवर मी आईला फोनवर सांगत होते की माझं काम इथं भव्य मानतात. त्या दुसऱ्या स्कार्फनंतर ती ग्रँडसुद्धा म्हणाली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, तिसऱ्या वेळीही जमलं नाही तर हा तुकडा परदेशातल्या एका मोठ्या स्टुडिओला देणार आहेत. तिनं पुढं सांगितलं नाही, पण मला ठाऊक होतं. माझा करार या मालिकेपुरता. वारा माझ्या हातून गेला की पुढच्या भागांसाठी मला ठेवायला कारण उरत नव्हतं, आणि इथं राहण्याचा माझा परवाना त्या नोकरीवर.

आईपासून काही लपत नाही. दुसऱ्याच दिवशी चहा पिताना म्हणाली, "तोंड का आसं एरंडेल प्याल्यावानी?" मग सगळं सांगून टाकलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"वारं दिसतंय व्हय कुनाला?"

"नाही."

"मग काढतीस काय?"

एवढा राग आला मला! तीन आठवडे माझं डोकं जो दगड फोडत होतं, तो तिनं बशीत बिस्किट बुडवता बुडवता माझ्यापुढं आणून ठेवला होता. "तुला नाही कळणार त्यातलं," म्हणून मी उठून गेले. खरं तर मलाच कळत नव्हतं.

शनिवारी सकाळी मी टेबलावर कामाला बसले होते. स्वयंपाकघरातून दाणे भाजल्याचा खमंग वास येत होता. मध्ये धुराचा अलार्म ठणाणा करून गेला, आईनं त्याला पदरानं वारा घालून गप्प केलं. मग बाल्कनीतून सूप वाजायला लागलं. फट, फट, फट, आणि मध्ये सर्रर्र. मला वाटलं बरंय, रमलीय. दहा मिनिटांनी दारावर टकटक.

खालच्या मजल्यावरच्या बाई. हातात पांढराशुभ्र शर्ट आणि त्याला चिकटलेली शेंगदाण्याची लालसर सालं, जागोजाग. "सॉरी हां, तक्रार नाही करत," असं म्हणून त्यांनी रीतसर तक्रार केली. त्यांच्या बाल्कनीत कपडे वाळत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना तिथंच दारात उभं करून मी तरातरा बाल्कनीत गेले.

"आई! हे सांगली नाही! लोकांच्या कपड्यांवर कचरा करतेस? कळतं का काही?"

आई वळलीसुद्धा नाही. "वरडू नगंस. हात चुकतो."

"सूप खाली ठेव आधी."

"एवढी येक खेप."

आणि तिनं पाखडलं. त्याच वेळी विमानतळाच्या बाजूनं एक झोत आला, इथं येतो तसा, पत्ता न विचारता. सुपातले दाणे वर उडाले आणि परत सुपात पडले. फुटके अर्धुकले सुपाच्या कडेवर आपटले. जाड सालं कठड्यापर्यंत गेली. आणि बारीक, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ सालं वर चढली, इमारतीच्या कोपऱ्याला वळली आणि तिथं क्षणभर थांबली. खाली जड, मध्ये मध्यम, वर हलकी. त्याला पाय होते. पोट होतं. वळलेली पाठ होती आणि कोपऱ्यापलीकडं गेलेली लांबच लांब शेपूट होती. बघता बघता ते उठून निघून गेलं.

मी म्हटलं, "आई, परत कर."

"आत्ता तर बोंबलत हुतीस."

"अगं कर ना! मी पाया पडते तुझ्या, पण कर!"

दारातल्या बाई एव्हाना आत येऊन माझ्या मागं उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीही ते बघितलं होतं. खाली गेल्या, आपले कपडे आत घेतले आणि खालून ओरडून सांगितलं, "आता चालू द्या!"

त्या आठवड्यात आम्ही मायलेकींनी एवढे दाणे भाजले की घराला, केसांना, माझ्या कामाच्या कोटालाही तोच वास. मी फोनवर शूटिंग करायची आणि आई पाखडायची. आणि नुसतं पाखडणं नाही हं. वर उडवून झेलणं ते पाखडणं. झटका देऊन फोल पुढं ढकलणं ते आसडणं. सूप आडवं धरून गोल गोल फिरवणं ते घोळणं. लहानपणी हे सगळं रोज बघितलं होतं मी आणि एकदाही बघितलं नव्हतं. सेकंदाला चोवीस चित्रं म्हणजे फ्रेम धरून तिच्या मनगटाच्या झटक्यात किती जातात हे मी मोजलं तेव्हा थक्क झाले. वाऱ्याशी तिचं बोलणं चालू असायचं. "ये की रं बाबा", "आता कुठं गेलास उंडगायला?"

गोष्टीतल्या कड्यावर दाणे कुठून आणायचे? इथल्या दलदलीत एक गवत उगवतं, शेंड्याला कापसाचे गोंडे असतात, बॉग कॉटन म्हणतात. ते घेतलं. कापसाचे तंतू, गवताच्या काड्या, सुकलेली फुलं, मातीचे कण. वाऱ्याला अंग द्यायचंच नाही असं ठरवलं. तो जे उचलेल तेच त्याचं अंग. तीन दिवस खपून पहिला मसुदा काढला आणि मोठ्या तोऱ्यात आईपुढं लावला.

आईनं चष्मा पुसून बघितलं. "सगळं सारखंच उडतंय की गं. दान्याचं आन् सालाचं वजन येकच व्हय?"

मी परत बघितलं. खरंच होतं. काडी, कापूस, माती, सगळं एकाच वेगानं, एकाच उंचीला, शाळेच्या कवायतीसारखं. दोन्ही स्कार्फांतही नेमकं हेच झालं होतं. बारा वर्षं धूर काढणाऱ्या बाईला हे सांगायला चटणीवाली लागली. मला हसू आलं, रडूही आलं, मी आईच्या गालाचा करकचून मुका घेतला. तिनं "शी, दान्याचं तोंड," म्हणून पदरानं गाल पुसला.

मग सगळं वजनाप्रमाणं वेगळं काढलं. माती जमिनीलगत, तिचे पंजे झाले. काड्यांच्या बरगड्या झाल्या. सुकल्या फुलांची आयाळ. आणि कापसाची शेपूट, कड्यावरून पार समुद्रावर गेलेली. प्राणी मी काढलाच नाही, तो आपोआप झाला.

एक गोष्ट मात्र शूटिंग बघताना ध्यानात आली. दर खेपेनंतर आई सूप स्थिर धरून थोडी थांबायची. मी घाई केली की म्हणायची, "थांब जरा, वारं बसू दे." त्या वेळी चित्रात काहीच नसायचं. सालं गेलेली, पुढची खेप आलेली नाही. पण मी तेवढंच पुन्हा पुन्हा मागं नेऊन बघायची. मी माझ्या तुकड्याच्या शेवटीही तेवढं ठेवलं. वारा निघून गेल्यावर दोन सेकंद. कडा नाही, मुलगी नाही, नुसतं आकाश. अठ्ठेचाळीस फ्रेम, आणि त्यांत काही म्हणजे काही नाही.

गुरुवारी तिसऱ्यांदा दाखवायचं होतं. खोलीत आठ-नऊ जण. दिवे मालवले, तुकडा सुरू झाला. वारा गवतातून उठला तेव्हा सुपरवायझरनं माझा दंड घट्ट धरला. वाऱ्यानं मुलीला उचललं, खाली ठेवलं आणि तो समुद्रावर निघून गेला. मग ते दोन सेकंद. दिवे लागले.

सगळ्यात आधी कामाचा हिशेब ठेवणारी मुलगी बोलली. "शेवटच्या अठ्ठेचाळीस फ्रेम रिकाम्या आल्यात. फाइल चढवताना काहीतरी गहाळ झालं असणार."

"गहाळ नाही झालं," मी म्हटलं. "तसंच आहे ते."

युअर मॅन खुर्चीत पुढं सरकला होता. त्याचे डोळे चमकत होते, ते मला दिसत होतं. "हाच तो," तो म्हणाला. "हाच वारा मला हवा होता." माझे कान गरम झाले. "फक्त ते शेवटचं रिकामं कापून टाका. दोन सेकंद काहीच नाही म्हटल्यावर मुलं उठून जातील."

इथं शहाण्या माणसानं बरं म्हणायला हवं होतं. दीड महिन्यानं पहिल्यांदा सुटकेचा श्वास घ्यायला मिळत होता. पण माझं डोकं! आमच्या घरात सगळ्यांचंच असं आहे, तापायला वेळ लागत नाही.

"रिकामं नाहीये ते," मी म्हटलं.

"मग काय आहे?"

आणि इथं माझ्या इंग्रजीनं मला दगा दिला. मला सांगायचं होतं पंचमहाभूतं. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि पाचवं आकाश. रागाच्या भरात मी शब्दाला शब्द लावला, भूत म्हणजे 'घोस्ट', आणि भर मीटिंगमध्ये ठणकावलं, "तुमच्याकडं चारच भुतं आहेत! आमच्याकडं पाच मोठी भुतं असतात! हे पाचवं!"

ते इंग्रजीत कसं वाजलं असेल, विचार करा. सगळे माझ्याकडं बघायला लागले. एकजण खुदकन हसला. सुपरवायझरनं हळूच विचारलं, "म्हणजे आकाशाला तुम्ही भूत मानता, पेट?" पेट म्हणजे बाळ.

मलाही तेव्हाच जाणवलं मी काय बोलले ते. पण आता माघार कुठली. म्हटलं, "आमच्या भाषेत ज्यांनी जग बनलं त्यांनाही भूत म्हणतात. मेल्यावर मागं घुटमळतं त्यालाही भूत म्हणतात. आणि जो काळ होऊन गेला, त्यालाही भूतच म्हणतात. एकच शब्द. वारा येऊन गेला. तो होता, आता नाही, आणि जिथं होता ती जागा तेवढी आहे. ती जागा नसेल तर तुमचा बैल, पाणमांजर, चिमणी उभी कशात राहणार? पोरांनी तो गेलेला बघितलाच नाही, तर आलेला तरी कशाला दाखवायचा?"

एवढं लांबलचक मी त्या खोलीत कधी बोलले नव्हते. तिथं थांबायला हवं होतं. नाही थांबले. "ते दोन सेकंद काढायचे असतील तर सगळंच काढा. द्या त्या परदेशातल्यांना."

युअर मॅननं खुर्ची मागं सारली. मग म्हणाला, "शनिवारी शाळेच्या मुलांना हा भाग दाखवणार आहोत. ठरवू दे त्यांना. त्या दोन सेकंदांत मुलं चुळबुळली तर तू म्हणतेस तसंच करू, सगळंच काढू." मी बाहेर आले. हातातोंडाशी आलेला घास मी माझ्याच हातानं बाजूला सारला होता.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं पाठीवर हात फिरवेल. कसलं काय!

"शानीच हाईस. आडमुठी. बापावर गेलीस निम्मी."

"आणि निम्मी कुणावर?"

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "दोन सेकंद म्हंजे किती?"

मी टाळ्या वाजवून दाखवलं.

"एवढंच? एवढ्यासाठी भांडलीस?" असं म्हणत ती बाल्कनीत गेली. मूठभर दाणे सुपात घेऊन पाखडले, सूप स्थिर धरलं आणि ओठांनी मोजत उभी राहिली. मग आत आली. "न्हाई," ती म्हणाली. "लागत्यात तेवढं. बरोबर हाय तुझं."

माझ्यासाठी परीक्षकांचा निकाल तिथंच लागला होता. पण खरी परीक्षा शनिवारी होती.

शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये साठ-सत्तर पोरं कोंबली होती. पाच ते नऊ वर्षांची. कुणी खुर्चीवर उलटं, कुणी खुर्चीखाली, चिप्सच्या पुड्यांचा कुरकुराट, आणि कलकलाट इतका की कानठळ्या बसाव्या. ही पोरं दोन सेकंद गप्प बसणार? अरे देवा, असं मनात म्हटलं. आई माझ्याशेजारी ठेवणीतली इरकल नेसून बसली होती, हात मांडीवर जोडून, कीर्तनाला बसावं तशी. युअर मॅन पडद्याकडं पाठ करून भिंतीला टेकून उभा. त्याला सिनेमा बघायचा नव्हता, पोरं बघायची होती.

बैल आला, पोरांनी आरडाओरडा केला. पाणमांजर आलं, हशा पिकला. चिमणीच्या वेळी टाळ्या. मग कडा आला, ती मुलगी आली. गवत हललं. माती उठली, काड्या उठल्या, कापूस उठला, आणि तो उभा राहिला. चिप्सचा आवाज थांबला. समोरच्या रांगेतल्या एका पोरीनं हातातली पुडी तशीच तोंडाजवळ धरली होती. वाऱ्यानं मुलीला उचललं तेव्हा अख्खा हॉल "ओ" म्हणाला. त्यानं तिला खाली ठेवलं. वळला. समुद्रावर निघून गेला.

आणि आकाश.

एक. मी डोळे मिटून घेतले. आईनं माझा हात धरला, तिचा तळवा घामानं ओला होता. म्हणजे तीही घाबरलीच होती की! दोन.

कुणी हललं नाही. एवढ्या पोरांचा हॉल आणि टाचणी पडली तरी ऐकू यावं. आणि त्या शांततेत ती समोरची पुडीवाली पोरगी ताडकन खुर्चीवर उभी राहिली आणि आपल्या टिपेच्या डब्लिनी आवाजात पडद्याकडं बघून ओरडली, "परत ये!"

मागून दुसरं ओरडलं. मग सगळीच. परत ये, परत ये, परत ये! पाय आपटत, खुर्च्या बडवत. पडद्यावर पुढचा प्रसंग सुरू झालेला, त्यातली बोलणी कुणाला ऐकू येत नव्हती. शिक्षिका शू शू करून थकल्या. सुपरवायझर रुमालात तोंड घालून रडत होती. मी मात्र रडले नाही. मी उभी राहिले. त्या कलकलाटात मी ताठ उभी राहिले आणि असं वाटलं की डोकं आता छताला लागेल. जिंकले होते मी! कुणी काही म्हणो, मी जिंकले होते, आणि शब्दाच्या एका चुकीसकट जिंकले होते.

युअर मॅन गर्दीतून वाट काढत आमच्यापाशी आला. कान फुटायची पाळी होती, म्हणून माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "ऐकलंस ना? त्या परदेशातल्यांना मी कळवतो, गरज नाही म्हणून. पण आता या पोरांसाठी त्याला परत आणायला हवं. आणि ते करायला तू इथं असायला हवीस. सोमवारी कागद तयार ठेवतो."

तो गेल्यावर आईनं माझा पदर ओढावा तशी ओढणी ओढली. "काय म्हनत्यात गं ती पोरं? मारामारी लागली का काय?"

"नाही आई. वाऱ्याला हाका मारतायत. परत ये म्हणतायत."

आईनं त्या खुर्चीवर उभ्या पोरीकडं बघितलं, ती अजून गळा काढून ओरडत होती. मग माझ्याकडं बघितलं.

"मग हुबी काय राहिलीस?" ती म्हणाली. "आन की."